आईच्या वर्गाचा गोपनीय अहवाल

नोएडातल्या आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात नवी मुलं भरती होतात आणि दर उन्हाळ्यात त्यांचा एक तास माझ्या गळ्यात पडतो. विषय ठरलेला, मूल्यमापन आणि संशोधन यांतला फरक. आम्ही सरकारी योजनांचं मूल्यमापन करतो. म्हणजे योजना चालली की नाही, पुढे चालवावी की गुंडाळावी, हे फी घेऊन सांगतो. मुलं विद्यापीठातून ताजी ताजी आलेली असतात आणि आपण इथे संशोधन करायला आलो आहोत अशा थाटात बसलेली असतात. तो गैरसमज काढायचा म्हणून हा तास. पडद्यावर दोन रकाने. संशोधनाला काहीतरी कळून घ्यायचं असतं, मूल्यमापनाला निवाडा द्यायचा असतो. संशोधक आपला प्रश्न आपण निवडतो, आम्हाला तो दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो. मुलं टिपून घेतात. मग एखादा हुशार हमखास विचारतो, "मॅम, प्रॅक्टिकली फर्क क्या पडता है? डेटा तो सेम ही होता है."

मी त्याला पडद्यावरचंच उत्तर वेगळ्या शब्दांत पुन्हा देते. खरं उत्तर द्यायचं तर आईबद्दल बोलावं लागेल, आणि ऑफिसात मी आईबद्दल बोलत नाही. इथे बोलते.

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. आम्ही दक्षिण दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांत राहायचो. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. वसाहतीत मराठी घरं बरीच होती, हिंदू, बौद्ध, एक-दोन ख्रिश्चन, आणि सगळ्यांचे कर्ते पुरुष कुठल्या ना कुठल्या भवनात फायली हलवणारे. आईने लग्नाआधी साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. बाबांच्या मागे दिल्लीला आली आणि तिचं शिकवणं सुटलं. इथल्या शाळांना तिची हिंदी चालण्यासारखी नव्हती. ती मटार सोलत, लोकर विणत आणि शेजारच्या पंजाबी मावशींकडून हिंदी शिकत राहिली, आणि आतल्या आत कुढत राहिली हे मला मोठं झाल्यावर कळलं.

मग वसाहतीतल्या मराठी मंडळाने रविवारचा मराठी वर्ग काढायचं ठरवलं. पोरं घरात "मला प्यास लागली", "बाबा, मी गिरलो" असं बोलायला लागली होती आणि सुट्टीत गावी गेली की आजोबा-आजी तोंड दाबून हसायचे. आयांना ते लागायचं. शिकवणार कोण, या प्रश्नावर सगळ्यांनी आईकडे बघितलं. पगार वगैरे नव्हता. बारातघराची, म्हणजे वसाहतीतल्या लग्नकार्याच्या हॉलची, किल्ली, एक सतरंजी आणि मंडळाचे आभार, एवढ्यावर आईने वर्ग घेतला आणि शनिवार संध्याकाळपासून आमच्या घरात वेगळंच वारं वाहायला लागलं. आई गाणी गुणगुणायची, बाबांना उलट उत्तरं द्यायची. दिल्लीत तिच्या स्वतःच्या मालकीची अशी ती एकच गोष्ट होती. तिला वर्ग हवा होता, बाकी काहीही नको होतं.

तिची शिकवण्याची तऱ्हा मात्र मंडळाला पहिल्यापासून खटकायची. थंडीत ती पोरांना बारातघराच्या मागच्या हिरवळीवर उन्हात बसवायची आणि आपल्या घरून, कधी दुसऱ्यांच्या घरून, पिशवीभर भाजी आणायची. मटार सोलायचे, मेथी निवडायची, कोथिंबिरीचे देठ खुडायचे, शेंगा फोडून दाणे पाखडायचे. हात चालू ठेवायचे आणि तोंडाने जे करतोय ते मराठीत बोलायचं. सोलतो, निवडते, खुडतो, वेचते. पंजाबी मावशींचं सूप उसनं आणलेलं असायचं. पाखडताना फोलपटं नाकातोंडात गेली की पोरं शिंकायची, खिदळायची, आणि त्या खिदळण्यातून वाक्यं बाहेर पडायची. परीक्षा नाही, पाठांतर नाही, वही नाही. "सहा दिवस परीक्षाच देतात बिचारी," आई म्हणायची. "सातव्या दिवशी नुसतं बोलू दे." मंडळातल्या बायका तिची टर उडवायच्या की वहिनींच्या वर्गात पोरांना पाठवलं की आठवड्याची भाजी निवडून मिळते. आई हसून सोडून द्यायची. मला राग यायचा. मी तेव्हा कॉलेजात होते, अर्थशास्त्र शिकत होते आणि प्रत्येक गोष्टीवर राग यायचंच वय होतं. ते वय अजून सरलेलं नाही असं माझा नवरा म्हणतो.

अशात पुण्याहून एक संशोधक आला. तरुण, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, बोलायला अतिशय गोड. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून कुठले शब्द आधी जातात, यावर त्याचं काम चाललं होतं. पहाडगंजातल्या एका स्वस्त हॉटेलात उतरला होता आणि घरच्या वरणभातासाठी आसुसला होता. पहिल्याच दिवशी आमच्याकडे जेवला. आईला काकू म्हणायला लागला. तिने त्याला तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हाच तो घरचा झाला.

त्याच्याजवळ चित्रांची कार्डं होती. उखळ, जातं, रोवळी, शिंकं, कोनाडा, ओसरी, कणगी. एकेका मुलाला समोर बसवून कार्ड दाखवायचं आणि हे काय म्हणून विचारायचं, एवढंच. आईने कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "अहो, आमच्या क्वार्टरात कोनाडा नाही की ओसरी नाही. पोरांनी बघायचं कुठे?"

"तेच तर मला बघायचंय काकू," तो म्हणाला. "वस्तू गेली की शब्द किती दिवस टिकतो. ही परीक्षा नाही. चूक-बरोबर असं काही नाहीच यात. फक्त एक करा, आधी यातलं काही शिकवू नका. नाहीतर माझं सगळं काम फुकट जाईल."

आईने मान डोलावली, आणि तिने मान डोलावली की ते काम झालं असं समजावं. पुढचे रविवार तिने त्या कार्डांवरल्या एकाही वस्तूचं नाव काढलं नाही. एका मुलाच्या आईने घरी येऊन, जरा तयारी करून घ्या, पुण्याचा माणूस आहे, आपली शोभा नको, असं सुचवलं तर आईने तिला चहा पाजून परत पाठवलं. वर मुलांना सांगितलं, "येत नसेल तर सरळ नाही येत म्हणा. त्यांना तुमचं खरं उत्तर हवंय." मला आजही हे आठवलं की कानशिलं तापतात. साऱ्या वसाहतीत त्या माणसाच्या कामाचं मर्म तिला एकटीला कळलं होतं आणि तिने त्याच्याशी इमान राखलं.

मंडळाने बारातघर द्यायला एकच अट घातली. अहवालाची एक प्रत मंडळाला मिळाली पाहिजे. तो लगेच हो म्हणाला.

कार्डं दाखवायचं काम चाललं होतं तेव्हा मी एक दिवस दाराशी बसून ऐकलं. एका छोट्या मुलीला त्याने कोनाड्याचं चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भिंतीत दिवा ठेवायची जागा." स्वच्छ, सबंध मराठी वाक्य. त्याने कागदावर फुली मारली. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "कोनाडा हा शब्द नाही आला ना. पण बघ, शब्द गेला आणि अर्थ राहिला! हे फार सुंदर आहे." त्याचे डोळे चमकत होते. खरंच सांगते, त्या क्षणी मलाही तो आवडला. त्याला प्रत्येक फुलीत काहीतरी सापडत होतं. फुली म्हणजे त्या मुलीचा किंवा आईचा कमीपणा, हे त्याच्या मनातही नव्हतं. आईच्याही नव्हतं. ती तर मुलीचं वाक्य ऐकून दिवसभर खुशीत होती.

उन्हाळा यायच्या सुमाराला अहवालाची प्रत मंडळाकडे आली. सायक्लोस्टाइल केलेली, मागे कार्डांवरच्या शब्दांची यादी जोडलेली. त्यात पुण्यातली मुलं आणि दिल्लीतली मुलं शेजारीशेजारी मांडली होती, आणि दिल्लीतली मुलं अर्थातच खूप मागे होती. नसती तर त्याला संशोधन करायला दिल्लीला यायचं कारणच काय होतं?

आता पुढे जे झालं ते फक्त आमच्याच वसाहतीत होऊ शकलं असतं. दुसऱ्या कुठल्या मंडळाने तो अहवाल चाळून कपाटात टाकला असता. आमचं मंडळ म्हणजे मंत्रालयांचाच रविवारचा अवतार होता. अध्यक्ष निवृत्त जॉइंट सेक्रेटरी, चिटणीस अंडर सेक्रेटरी. या लोकांनी आयुष्यभर माणसाबद्दल लिहिलेला एकच प्रकारचा कागद पाहिला होता. सरकारी नोकरीत दर वर्षी वरचा साहेब खालच्याचा गोपनीय अहवाल लिहितो. त्यातल्या शेऱ्यांवर बढती मिळते किंवा अडते, आणि शेरे वाईट असले तर ते त्या माणसाला लेखी कळवून खुलासा मागवायचा असतो. अहवाल म्हणजे गोपनीय अहवाल. आणि ज्याच्या हाताखालचं काम त्यात दिसतं, त्याचाच तो असणार. मंडळाने पुण्याच्या अहवालावर फाइल उघडली, तिच्यावर टिपणं चढली, आणि अध्यक्षांनी शेवटी शेरा मारला की वर्गाची कामगिरी सरासरीहून खाली आहे, संबंधित शिक्षिकेला प्रतिकूल शेरे कळवून पंधरवड्यात खुलासा मागवावा.

ते पत्र चिटणीसकाका स्वतः घेऊन आले. आईला वहिनी म्हणत, पोहे खात, त्यांनी ते तिच्या हातात दिलं. "फॉर्मॅलिटी आहे वहिनी. मनाला लावून घेऊ नका. जस्ट दोन ओळींत लिहून द्या."

आईने पत्र वाचलं. "पण हा माझा अहवाल नाहीच," ती म्हणाली. "तो शब्दांचा आहे."

"हो हो, बिल्कुल. पण शिकवता तुम्हीच ना?"

ते पोह्यांची तारीफ करून गेले. बिनपगारी बाईला, सतरंजी घालून शिकवणाऱ्या बाईला, त्यांनी सरकारी नोकरासारखी नोटीस दिली होती, आणि त्यांना त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. उलट आपण रीतीला धरून वागलो, बाजू मांडायची संधी दिली, याचं समाधानच होतं. आईने बशी उचलली आणि घासायला घेतली.

बाबांचं मी काय सांगू? त्यांना आईची बाजू कळत होती, पण त्यांचंही उभं आयुष्य त्याच टेबलांवर गेलं होतं. ते लगेच कागद घेऊन बसले आणि खुलाशाचा मसुदा करायला लागले. "उपरोक्त पत्राच्या संदर्भात" इथपासून सुरुवात. त्यांचा मुद्दा चांगला होता हे कबूल केलं पाहिजे. पुण्याच्या मुलांशी तुलना करून वर्गाची किंमत ठरत नाही, याच वसाहतीतली वर्गाला न येणारी मुलं घ्या, त्यांनाही कार्डं दाखवा, मग फरक दिसेल. मी माझ्या कामात आज हेच करते आणि त्याला मोठमोठी नावं देते. बाबांनी ते एका संध्याकाळी, पाठकोऱ्या कागदावर, साध्या अकलेने शोधून काढलं होतं. पण मसुदा पुरा झाल्यावर ते म्हणाले, "तू त्याच्याकडून आधी लेखी का नाही घेतलंस की याचा उपयोग असा करणार नाही म्हणून?"

आई म्हणाली, "तुम्ही खुलासा पाठवा किंवा नका पाठवू. मी त्या पुण्याच्या मुलाकडे जाते. त्याने येऊन सांगितलं तर मिटेल."

तो त्या वेळी परत दिल्लीला आला होता, कार्डांची दुसरी फेरी करायला, यमुनेपलीकडच्या कुठल्याशा मराठी घरांत. मी आणि आई बसने पहाडगंजला गेलो. आईने डब्यात त्याच्यासाठी थालीपिठं घेतली होती. स्टेशनसमोरच्या गल्लीत ठोक दुकानांच्या माथ्यावर ते हॉटेल होतं. खोलीत एकच खुर्ची, ती त्याने आईला दिली, स्वतः खाटेवर बसला आणि मी दाराशी उभी राहिले. आईने डबा पुढे केला आणि मग पत्र.

त्याने पत्र वाचलं आणि तो खरोखर हादरला. "काकू, हे काय भलतंच! तुमच्याबद्दल मी एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही."

"चांगलंही नाही लिहिलं," आई म्हणाली.

"मी तुमच्याबद्दल लिहिलेलंच नाही. माझा तो विषयच नाही."

"मग हेच येऊन सांगा ना त्यांना. रविवारी बैठक आहे. पाच मिनिटं लागतील."

तो म्हणाला, "माझं रिझर्वेशन शनिवारचं आहे."

"मग लिहून द्या. वर्गाला येणाऱ्या मुलांना दुसऱ्यांपेक्षा जास्त येतं, एवढंच. तुम्हाला माहीत आहे येतं ते. तुम्ही त्यांच्याशी बोललात."

"वाटतं मला तसं, काकू. पण वाटतं ते मला लिहिता येत नाही. वर्गाला न येणाऱ्या मुलांना मी तपासलंच नाही."

"मग तपासा. दहाबारा घरं आहेत. मी घेऊन जाते तुम्हाला."

इथे त्याने जे उत्तर दिलं ते ऐकून मला त्याच्या झब्ब्याची गळपट्टी धरावीशी वाटली. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ते वेगळं काम झालं. त्याला मूल्यमापन म्हणतात. ते कुणीतरी सांगावं लागतं, त्याचा आराखडा वेगळा असतो. मी संशोधन करतो. माझ्या निष्कर्षांचं लोक पुढे काय करतात त्यात मी पडलो तर माझं काम निर्मळ राहणार नाही." आणि मग अगदी मनापासून, "मला फार वाईट वाटतंय."

तो शब्दाशब्दाला खरं बोलत होता. त्याचं वाक्य मी आज जशाच्या तशा अर्थाने पडद्यावर दाखवते आणि मुलं ते टिपून घेतात. पण त्याला निर्मळ राहता यावं म्हणून आईने आपली पोरं कोरी ठेवली होती, वसाहतीतल्या बायकांचा रोष घेतला होता. आणि तिच्यासाठी त्याला गाडीचं तिकीट बदलता येत नव्हतं. संशोधन म्हणून तोलायचं तर त्याचं काम चोख होतं. माणूस म्हणून त्याने हात झटकले. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मी त्या खोलीच्या दाराशी उभी राहून शिकले आणि माझं शिक्षण तिथेच पुरं झालं.

परतताना बसमध्ये मी आईला म्हटलं, "आपण करू. कार्डं मी काढते. तू वर्गाला न येणाऱ्यांच्या घरी चल."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुन्हा पोरांना बसवायचं? कशासाठी, मी चांगली आहे हे ठरवायला? त्यांनी काय घोडं मारलंय माझं?"

बाबांचा खुलासा गेला. त्यावरही टिपण झालं असणार. मंडळाने आईचे आभार मानले, वर्गाला नव्या दमाची गरज आहे असं ठरवलं आणि वर्ग एका दुसऱ्या बाईंकडे दिला. त्या वाईट नव्हत्या. वक्तृत्वाच्या स्पर्धा जिंकलेल्या होत्या, आवाज खणखणीत होता आणि मंडळाला काय हवंय हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. अहवालाच्या मागे जोडलेली शब्दांची यादी त्यांनी अभ्यासक्रम म्हणून घेतली. उखळ, जातं, रोवळी, शिंकं. फळ्यावर लिहून, चालीवर घोकून घेतलं. दर महिन्याला तोंडी परीक्षा, पहिल्या येणाऱ्याला कंपासपेटी.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पोरांनी ती यादी स्टेजवर म्हटली. अध्यक्षांनी मधूनच हात वर करून एकेक शब्द विचारला आणि पोरांनी एका सुरात अर्थ सांगितले. एकही चुकलं नाही. "याला म्हणतात सुधारणा," ते माइकवर म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आई तिसऱ्या रांगेत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, कारण पोरं तिची होती. पडदा पडल्यावर तीच पोरं आमच्यासमोरून पळत गेली. एक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "अबे, मेरी टोपी दे, मम्मी डांटेगी." कोनाड्याचा अर्थ सांगणारी ती छोटी मुलगीही त्यांच्यात होती. आता तिला कोनाडा हा शब्द पाठ होता. आईने तिला हाक मारून विचारलं, "कशी आहेस गं?" मुलगी लाजली, आईकडे बघून हसली आणि म्हणाली, "ठीक हूं, बाई."

दोनेक वर्षांत तो वर्ग बंद पडला. परीक्षा द्यायला रविवारी कोण येणार? मंडळाने त्याबद्दल कुणाकडून खुलासा मागवला नाही, कारण त्यावर कुणी अहवाल लिहिला नव्हता. पुण्याच्या माणसाचा लेख पुढे एका मोठ्या मासिकात आला. मी तो विद्यापीठाच्या लायब्ररीत वाचला. लेख उत्तम होता. भिंतीत दिवा ठेवायची जागा, हे वाक्य त्यात होतं आणि त्यावर सबंध पानभर सुरेख विवेचन होतं. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांचे, जागा दिल्याबद्दल, आभार होते. त्या मुलीच्या तोंडी ते वाक्य कुणामुळे आलं, हा त्याचा विषय नव्हता.

मी या धंद्यात का आले असं लोक विचारतात तेव्हा मी सोयीचं काहीतरी सांगते. खरं म्हणजे रागाने आले. वाटलं होतं, निवाडा करायचाच असेल तर निदान उघडपणे करावा, ज्याचा करायचा त्याला आधी सांगून करावा. माझ्या टीममधल्या मुलांना मी पहिली सूचना तीच देते. कुणाच्याही दारात गेलात की आधी सांगा, आम्ही तुमच्या कामाला चांगलं-वाईट ठरवायला आलो आहोत. ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्यांना ही सूचना आवडत नाही. लोक सावध होतात, म्हणतात. व्हावेतच. एवढं करूनही पानिपतला, आणखी कुठे कुठे, माझ्या सहीच्या अहवालांनी बंद झालेली सरकारी योजनांची शिकवणी केंद्रं आहेत आणि तिथे शिकवणाऱ्या बायका आहेत. त्यांना नोटीस रीतसर मिळाली, एवढंच मला म्हणता येतं. त्यातल्या कुणाच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं असेल ते मला ठाऊक असतं, आणि तरीही मी पुढच्या कामाचा आराखडा लिहायला घेते.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे नोएडाला राहायला आली. माझी मुलगी तेव्हा बोलायला लागत होती. मला केवढी आशा वाटली म्हणून सांगू. माझी धावपळीची नोकरी, नवरा उत्तर प्रदेशातला, घरात दिवसभर हिंदी. म्हटलं, आता आई आहे, आता पोरीला मराठी येईल, तेही फळ्यावरचं नाही, हातातोंडातलं. पहिल्या आठवड्यात एकदा लवकर घरी आले. थंडीचे दिवस होते. बाल्कनीत उन्हात आई मटार सोलत बसली होती आणि पोरगी शेजारी बसून शेंगा तोंडात घालत होती. मी चपला काढता काढता थबकले.

"छील के खाओ बेटा," आई म्हणत होती. "ऐसे. छिलका नहीं खाते."

मला वाटलं, सवयीने बोलली असेल. पण तसं नव्हतं. माझ्याशी ती मराठीतच बोलायची, पोरीकडे वळली की हिंदी. न चुकता. शेवटी मी विचारलं. जरा चिडूनच विचारलं. "आई, परक्यांच्या पोरांना शिकवलंस, आणि हिला एक शब्द नाही?"

आईने शेंगा खाली ठेवल्या नाहीत. "तुझी मुलगी आहे, तू शिकव."

"मला वेळ कुठे असतो? आणि तुझ्यासारखं मला जमेल का?"

"उद्या कुणीतरी येऊन हिला विचारेल," ती म्हणाली. "हिला येणार नाही. मग विचारतील, शिकवत कोण होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनी तो असायलाही नको होता. पण तिने हे उत्तर त्या क्षणी शोधलेलं नव्हतं, ते केव्हापासून तयार होतं.

मी पुष्कळ समजावलं. इथे मंडळ नाही, कार्डं नाहीत, कुणी येणार नाही. ती ऐकून घ्यायची आणि पोरीला हिंदीत हाक मारायची. स्वतःला आजी म्हणवून घेणंही तिने टाळलं, नानी म्हणायला शिकवलं. आई गेली तेव्हा माझी मुलगी बारावीत होती. दोघींचा एकमेकींवर फार जीव होता, आणि दोघी शेवटपर्यंत हिंदीतच बोलल्या.